फेकलेलं पिल्लू

४ जून
पोचले एकदाची! ब्रिगलो बाभळींची झाडी, पत्र्याचं घर, आणि कुंपणाआड त्या, कांगारूंच्या जातीतल्या, गुडघ्याएवढ्या वॉलब्या. मानेपासून खांद्यावर उतरणारी पांढरी रेघ, शेपटीच्या टोकाला इवलंसं नख. कोल्ह्या-मांजरांनी बाकीच्या संपवल्या, आता उरल्यात मूठभर. इथली जुनी राखणदार नोरीन, नवी मी. माझे नवेकोरे बूट बघून तिने विचारलं, लग्नाला आलीस का पोरी? बाई झकास आहे.

७ जून
आज तपासणी शिकले. पकडलेली मादी घाबरली की पोटाच्या पिशवीतलं पिल्लू फेकून पळते. म्हणून सोडताना पिशवीच्या तोंडावर चिकटपट्टी लावायची. पट्टी आपोआप सुटेपर्यंत मादी शांत होते. नोरीन म्हणाली, मला चार पोरं झाली, मलाही कुणी पट्टी लावायला हवी होती. मी खूप हसले.

१० जून
कुंपणापाशी फेकलेलं पिल्लू सापडलं. अंगावर केस नाहीत, पण ऊब भरपूर. शेजारी मादी मरून पडलेली. जखम एकही नाही, नुसती हाडं आणि कातडं. पिल्लाला कापडी पिशवीत घालून मी पोटाशी बांधलं. काही झालं तरी याला जगवायचंच.

१३ जून
बाटलीला तोंड लावत नाही, तरी वाढतंय. माझीच पँट ढिली झालीय. मी कुंपणात पाऊल टाकलं की सगळ्या वॉलब्या जमिनीला चिकटून पडतात, कोल्हा दिसल्यावर पडतात तशा. आत कोल्हा नाही.

१५ जून
याच्या शेपटीला नख नाही. नोरीनला दाखवलं. तिने नजर चुकवली. म्हणाली, जपतेस ते बरं करतेस, ते तुझ्यापाशी आहे तोवर वॉलब्यांतली एकही मरत नाही. तुझ्याआधीची पोरगीही जीव लावायची. ती कुठे गेली, असं विचारलं तर उठून भांडी घासायला लागली.

१६ जून
भीती वाटतेय. आरशात बरगड्या दिसतात. दुपारी पिशवी सोडून ओट्यावर ठेवली आणि चालत सुटले. फाटकाला बाहेरून कुलूप. परतले तर त्याने डोळे उघडलेले — माझ्याकडेच —

१७ जून
जेवल्यावर डोळा लागला. उठले तर पिशवी पोटाशी. वरून चिकटपट्टी, वेढ्यावर वेढे.
नोरीन फाटकापलीकडे. रडतेय. म्हणते, माणसं पुष्कळ आहेत गं पोरी, या उरल्यात मूठभर.
नखांनी ओरबाडतेय — निघत नाही — आत ते सरकतंय, वर —
शांत झालीस की सुटेल, म्हणते.
मी शांत —