उजवीकडून वाचताना

४ ऑक्टोबर
अलेक्झांड्रियाच्या बातम्या पुण्याला धाडण्यात वीस वर्षं गेली. आता पन्नाशीत चित्रकथा शिकायला उस्ताद वगदींच्या चित्रशाळेत दाखल झालो. खिडकीत समुद्र, टेबलावर फलाफल, दौतीला खेटून चहा. मी पहिल्याच दिवशी कुंचला चहात बुडवला. उस्तादांची कॉलेजातली मुलगी रीहाम म्हणाली, "अम्मो (म्हणजे काका), आता पिऊनच टाका, हात सुधारेल." संस्कृतात चित्रकलेची सहा अंगं सांगितली आहेत, असं मी ऐकवलं. त्यांतलं चहाचं कितवं, असं उस्तादांनी विचारलं. वातावरण विद्वानांना पोषक आहे.

९ ऑक्टोबर
आधी पेन्सिल, मग शाई, शेवटी अक्षरं. अक्षरं लिहिणारे अम्म सुबही प्रत्येक पान मोठ्यांदा वाचतात. चुका त्यांच्यापाशीच पकडल्या जातात. चित्रशाळेतून निघणाऱ्या चित्रकथांच्या अंकाच्या मलपृष्ठावर मात्र बिनशब्दांची गोष्ट असते, ती नवशिक्याला देतात. या वेळी मला मिळाली. बुडणाऱ्या मुलीसाठी रीहाम नमुना म्हणून बसली. नाक सरळ काढा, लग्न व्हायचंय, अशी ताकीद दिली.

१५ ऑक्टोबर
पान झालं. एका ओळीत तीन चौकटी: लाटेवर नुसती बोटं, कुणाचा तरी पुढे आलेला हात, किनाऱ्यावर भिजून हसणारी रीहाम. उस्तादांनी लाटांची तारीफ केली आणि पान छापायला पाठवलं. शब्द नव्हते, म्हणून ते अम्म सुबहींकडे गेलंच नाही.

१८ ऑक्टोबर
अंक बाजारात आला. रीहाम तो फडकवतच आली. अम्मो, माझा गुन्हा काय, बुडवलंत की मला!

खरंच. इथे पान उजवीकडून वाचतात. मी रोज अरबी वर्तमानपत्र वाचतो, हुज्जत अरबीत घालतो, पण हात आपल्या देवनागरी वाटेनेच गेला. इथल्या वाचकाला आधी हसरी मुलगी दिसते, मग हात, मग बोटं. तो हात तिला ढकलतोच जणू. उस्ताद म्हणाले, खवागा (परक्याला इथे हेच म्हणतात), पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापू. आम्ही हसलो. हसता हसता रीहामला ठसका लागला. तोंडातून ओंजळीत पाणी पडलं. खारट, म्हणाली.

१९ ऑक्टोबर
पेपरच्या टपरीवर एक गृहस्थ मलपृष्ठ पाहत होते. समोर रीहाम कठड्याला धरून गुदमरत होती. त्यांनी अंक घडी केला. तिला श्वास आला. दुसऱ्याने उचलला, पुन्हा तेच. योगायोग, असं मी तिला सांगितलं. तर्कशास्त्रात त्याला काकतालीय म्हणतात. कावळे फार झाले.

२० ऑक्टोबर
सापडतील तेवढे अंक विकत घेतले. व्यर्थ. कुणीतरी पानाचा फोटो मोबाइलवर टाकलाय. लोकांना फार आवडलाय.

२१ ऑक्टोबर
इस्पितळ. फुप्फुसांत पाणी, कारण सापडत नाही. मी खाटेशेजारी ते पान घेऊन बसलो. डावीकडून बोट फिरवत वाचलं: बोटं, हात, किनारा. तिने श्वास घेतला. पुन्हा वाचलं. पुन्हा घेतला.

उस्तादांनी पान हिसकावलं, स्वतः वाचू लागले. पण नजर जन्माची उजवीकडून निघणारी. रीहाम निळी पडली. त्यांनी पान टाकलं, स्वतःच्या थोबाडीत मारली, माझे पाय धरले. तूच वाच, खवागा. तूच.

२२ ऑक्टोबर
वाचतोय. बोटं, हात, किनारा. शहर उलटं वाचतंय, मी सुलटं. ते किती, मी एक. उस्ताद चहा पाजतात. झोप नाही. मघाशी माझीही नजर उजवीकडून निघाली— इतक्या वर्षांची वर्तमानपत्रं— सावरली—

२३
डोळे मिटताहेत. चार शब्द लिही, जागा राहशील, उस्ताद म्हणाले. एक नजर वहीवर, एक पानावर. बोटं, हात, कि— ते ओरडताहेत, खवागा, लिहू नको, बघ तिच्याकडे— बघतोय, वाचतोय—

किनारा. हात. बो—