काजळाची दाढी
१२ मार्च, गुरुवार, नेपरव्हिल

हुश्श! झालं एकदाचं. आज इराच्या वर्गातल्या प्रत्येकाला इतिहासातलं कुणीतरी होऊन उभं राहायचं होतं. बाकीच्यांनी जिंकणारे ग्रीक घेतले. आमच्या बाईसाहेबांनी मार्डोनियस, ग्रीकांशी लढताना मेलेला इराणी सेनापती. मी मंडळाच्या शिवजयंतीचा फेटा बांधला, काजळाने दाढी काढली. इराणी कसला, पक्का मावळा!

पण मनाला खात होतं वेगळंच. जानेवारीत इराचा बाबा अमेरिकेला कंटाळून पुण्याला परत गेला. मी नोकरी धरून इराला घेऊन थांबले. त्यावर पोरगी अवाक्षर बोललेली नाही. मग हा हरलेला माणूसच का? माझ्यावर राग?

"यू लॉस्ट, राइट?" एका मुलीने विचारलंच.

इराने फेटा सावरला. "येस. बट द किंग वेंट होम. आय स्टेड." काय ताठ उभी होती!

गाडीत मी भीत भीत विचारलं, "आपण थांबलो ते बरोबर ना गं?"

"ऑब्व्हियसली, आई. आता दाढी पूस ना, खाजतेय."

पुसायला वाकले तर गळ्यातच पडली. अर्धी दाढी माझ्या कुर्त्याच्या खांद्यावर उतरली आहे. कुर्ता धुवायला टाकलेला नाही.