अर्णवचा पाळणा आईंच्या खोलीत

अहो,

शाळेत माझ्या वर्गाची पालकसभा आहे, मला यायला सात वाजतील. भात कुकरमध्ये आहे, आमटी तेवढी गरम करून घ्या. अर्णवचा पाळणा आज मी आईंच्या खोलीत नेऊन ठेवलाय. तो परत आणू नका.

समोर बोलले असते तर तुम्ही उठून बाहेर गेला असता, म्हणून लिहून ठेवतेय. शौर्यला जाऊन तीन वर्षं झाली. आपल्या दोघांच्या मधोमध तो झोपेतच गेला आणि आपल्याला जाग आली नाही. तेव्हापासून तुम्ही धड झोपला नाहीत. आता अर्णवच्या नाकापाशी बोट धरून बसता, तेव्हा मीही जागीच असते. आई कधीपासून म्हणतायत, "लेकराला माझ्यापाशी निजू दे की. मी हाय न्हवं."

माझंच मन होत नव्हतं. पण परवा पहाटे पाळण्यावर वाकून तुम्ही "शौर्य" अशी हाक मारलीत. तुम्हाला कळलंही नसेल.

त्या नावाला अर्णवनं मान वळवली, आणि हसला.

ऋतुजा