गुलाबी केसांची पोरगी

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज धाकट्या भावाचा, विशालचा, जलदान विधी झाला. माणसं जेवून गेली. हर्सूलचे मामा जाता जाता म्हणाले, "लई हसरं लेकरू होतं. मनात काही म्हणून नव्हतं." मग टीव्हीखाली त्याचा जपानी गेम दिसला. "हेच व्हय ते गुलाबी केसांचं कार्टून? आमच्या पोराला देऊन टाक, बाई." उद्या देते म्हणाले.

देण्याआधी लावून बघितला. विशालनं सोडला होता तिथंच, एका पुलावर, सगळी टोळी उभी होती. त्यातली गुलाबी केसांची पोरगी सारखी धडपडते, "सॉरी, सॉरी" करते, बाकीचे हसतात. तिचं काम एवढंच, असं वाटलं. पुलापलीकडच्या धर्मशाळेत मुक्काम केला की तिच्याशी बोलता येतं. बोलले. ती म्हणाली, "मी मुद्दाम पडते. लोक हसत असले की मला कोणी काही विचारत नाही."

विशाल जेवताना मामांची नक्कल करायचा. आम्ही हसत हसत ताटं उचलायचो. तो या धर्मशाळेपर्यंत पोहोचलाच नव्हता.

मनात काही म्हणून नव्हतं?

मग टोळी झोपली आणि गेम आपोआप सेव्ह झाला. मुक्काम केला की होतो, हे मला कुठं माहीत. विशालचा पूल पुसला गेला, त्या जागी धर्मशाळा आणि आजची तारीख.

आता मामांच्या पोराला द्यायला काही हरकत नाही. वायर गुंडाळली, रबर लावलं, टीव्हीखालची धूळ पुसली.