पिऊला नाही कोणी म्हणायचं?

प्रिय वृषालीताई,

ताई म्हणायची रीत म्हणून म्हणते. खरं तर तू गेलीस तेव्हा आजच्या माझ्याहून लहान होतीस. आपली भेट कधी झाली नाही. तुझ्यामागून या घरात सून म्हणून आलेली मी, स्मिता. काल अविधवा नवमीला तुझ्या नावाने सवाष्ण जेवू घातली, तुझ्या फोटोपुढे पान वाढलं. तेव्हा सगळ्यांसमोर काही बोलता येईना, म्हणून आज लिहायला बसले.

तुझ्या पिऊचं वजन फार वाढलंय गं.

सहा वर्षांची पोर, पण नाहूरच्या आपल्या बिल्डिंगचे दोन जिने चढली की धापा टाकते. शाळेचा फ्रॉक वर्ष संपायच्या आत बदलावा लागला. मानेवर काळपट वळ्या दिसायला लागल्या, तर मी रोज आंघोळीला डाळीचं पीठ लावून घासत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घासू नका, मळ नाहीये तो. वजनामुळे होतं असं. जेवण कमी करू नका, मधलं खाणं बंद करा. दिवसातून किती वेळा काहीबाही खाते?"

मी बोटांवर मोजायला लागले. शाळेतून आली की बिस्किटं. सासूबाईंच्या चहाबरोबर खारी. शेजारच्या सावंतकाकूंच्या दारावरून गेली की चकली, नाहीतर लाडू. टीव्ही लावला की फरसाणाची वाटी. आणि आपला नवरा (दुसरं काय म्हणू त्यांना?) संध्याकाळी हात हलवत कधी येतच नाही. खूप असं कोणीच देत नाही. जो तो थोडंसंच देतो. आईविना वाढणाऱ्या मुलीच्या हातावर काहीतरी ठेवलं की ज्याला त्याला बरं वाटतं.

काकू सांगतात, तू गेलीस तेव्हा ती सारखी "आई कुठंय?" विचारायची आणि कोणीतरी पटकन बिस्कीट पुढे करायचं. आता ती तुला विचारत नाही. भूक लागली म्हणते.

त्याच काकू हेही सांगतात, की तू तिच्या हातातून वेफर्सचा पुडा काढून सरळ माळ्यावर टाकायचीस. ती रडून रडून झोपायची आणि सगळे म्हणायचे, वृषाली शिस्तीची आहे हो. तुझं बरं होतं गं. आईने नाही म्हटलं की ती शिस्त. मी म्हटलं तर?

म्हणून बघितलं ना. डॉक्टरांकडून आलो त्याच संध्याकाळी तिने बिस्किटं मागितली. म्हटलं, "आता नको, लवकर जेवायला बसू." ती दारात जाऊन भोकाड पसरून रडली. काकूंचं दार उघडलं. "काय गं, पोरीला खायला देत नाहीस की काय?" हसत म्हणाल्या, पण म्हणाल्याच. आतून सासूबाई आल्या. "आवस नाय चेडवाक. खावंदे तेका," म्हणाल्या आणि अख्खा डबा तिच्यापुढे ठेवला. आई नाही तिला, असं त्या म्हणाल्या, ताई. मी तिथेच उभी होते.

ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात. मोठी झाली की उतरेल आपोआप. आणि तू यात पडू नकोस ना, लोक उगाच तुला बोलतात." माझ्या काळजीनेच म्हणाले. त्याचाच जास्त राग आला.

काल दुपारी जेवणं उरकली, पाहुणे गेले. पिऊ वडे, खीर सगळं पोटभर जेवली होती. तरी स्वयंपाकघरात आली आणि वेफर्स मागायला लागली. मी नाही म्हटलं. या वेळी ती रडली नाही. जवळ आली, माझ्या पोटाला बिलगली, वर बघून म्हणाली, "आई, दे ना."

एरवी ती मला स्मितू म्हणते, ह्यांचं ऐकून. आई कधी म्हटलं नव्हतं. मी किती वाट बघितली त्या शब्दाची, ते तुला कुठल्या तोंडाने सांगू? मी पुडा फोडून तिच्या हातात दिला. खाताना मात्र ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

आज शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, क्रीमरोल." दिला. पोर हुशार आहे तुझी. कशाने माझी नाही म्हणायची ताकद जाते, ते तिला एका दिवसात कळलं.

तुला वचन द्यायला हवं, म्हणून देते. उद्या ती आई म्हणाली, तरी मी नाही म्हणेन. मग ती मला पुन्हा आई म्हणायची नाही, हे मला माहीत आहे. जमेल असं खरंच वाटत नाही, ताई. आत्ता ती दाराशी येऊन उभी आहे, अजून काही बोललेली नाही, आणि मी आधीच उठलेय.

तुझ्या जागी आलेली,
स्मिता