अक्रोडाचं तेल

राजाचे लाडके बिशप औडोवाल्ड यांस,
त्यांनी टाकलेल्या बायकोचा नमस्कार.

तुमची आई गेली. बिशपला बायको चालत नाही, म्हणून तुम्ही मला मठात धाडलंत, तेव्हा लेकाचं घर सोडून त्या माझ्यामागोमाग इथं आल्या होत्या.

शेवटी त्यांनी एकच हट्ट धरला. "माझ्या कपाळाला माझ्या लेकानं मंतरलेलं तेल लावा." ईस्टरआधीच्या गुरुवारी बिशपनं तेल मंतरायचं आणि ते गावातल्या मरणाऱ्यांना वर्षभर पुरवायचं, ही आपली रीत. तुम्ही तर कित्येक वर्षं इकडे फिरकलाच नाहीत. यंदाच्या गुरुवारी म्हणे राजाच्या शिकारी कुत्र्यांना आशीर्वाद देत होतात! कुत्री ठणठणीत असतील. इथली कुपी मात्र कोरडी ठणठणीत होती.

मग मी मठाच्या स्वयंपाकघरातून अक्रोडाचं तेल आणलं. "तुमच्या लेकानं खास राजवाड्यातून पाठवलंय," म्हणत त्यांच्या कपाळाला बोट लावलं.

सासूबाईंनी वास घेतला आणि हसल्या.

"अगं पोरी, हे तर आपल्या भाजीतलं तेल. तो कसला पाठवतोय! लाव तू. तुझा हात पुरे मला."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर तुम्ही ते भर दरबारात वाचाल, गळा काढून रडाल आणि आईच्या मरणावर राजाकडून आणखी एक मठ पदरात पाडून घ्याल. आमचं नशीब बघता तो आमचाच असायचा.

तुमची कुणीही नसलेली,
राडेलिंद