‘बघू’चं इंग्रजी

सिस्टर,

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मी खोटारडी ठरले. नेदरलँडहून चार ओळींचा मेल आला. ‘तुम्ही प्रयत्न करतो म्हणालात. त्या भरवशावर मी प्रदर्शनात जागा धरली. जमणार नव्हतं, तर नाही का म्हणाला नाहीत?’ परभणीच्या कचेरीत एकतीस वर्षं मी इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला. माझ्या पत्रातला स्वल्पविराम हलवायची एकाही साहेबाची छाती झाली नाही. आणि निवृत्तीनंतर, हौसेने अंगावर घेतलेल्या कामात, माझ्या निम्म्या वयाच्या बाईने मला हे विचारावं! याला जबाबदार तुम्ही आहात. तुम्ही वारलात म्हणून जबाबदारी टळत नाही.

काम घोंगड्यांचं. पेडगावकडच्या मेंढरं राखणाऱ्या नऊ घरांतल्या बाया लोकर कातून देतात, घरातले म्हातारे मागावर बसतात. त्या डच बाईला चाळीस घोंगड्या श्रावण संपायच्या आत हव्या होत्या. आषाढात फोनवर बोलणं झालं, पडद्यावर ती, इकडे मी आणि बायांची म्होरकी मावशी, मधे माझा मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवलेला. तिने विचारलं, मी मराठीत सांगितलं. मावशीने पदर सारखा केला, बाहेरच्या पावसाकडे पाहिलं आणि म्हणाली, “बघू की म्याडम. पावसात खळ वाळंना, पोरं मेंढरं घेऊन लांब गेलीत. बघू.” चिंचोक्याची खळ सुतावर चढवून उन्हात वाळवल्याशिवाय घोंगडी विणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि मी वाढले पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. दोनदा म्हटलेल्या ‘बघू’चा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तरी मी पडद्याकडे तोंड करून, तुम्ही घोटवलेल्या स्वच्छ उच्चारात म्हणाले, “वुई शॅल ट्राय.” ती हसली. तिने काहीतरी लिहून घेतलं.

ते वाक्य कुठून आलं, ते सांगते. मी सातवीत आहे. वडिलांच्या रेल्वे पासवर सिकंदराबादला येऊन तुमच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात राहतेय. पालकांच्या दिवशी एकटीने प्रार्थना म्हणशील का, असं तुम्ही विचारता आणि मी म्हणते, “नो, सिस्टर.” तुमची पट्टी टेबलावर आपटते. माणसाच्या तोंडावर दार लावतात का असं? चांगल्या घरची मुलगी काय म्हणते? मग त्या संध्याकाळी जेवणघरात, सगळ्या मुली भात जेवत असताना, मी ‘आय शॅल ट्राय’ शंभर वेळा लिहिते. ऐंशीच्या पुढे बोट दुखायला लागतं. तुम्ही मागून येता, माझ्या ताटाजवळ आणखी एक केळं ठेवता. ते केळं मी विसरलेले नाही, म्हणजे पट्टीही विसरलेले नाही. तुम्ही केरळच्या, मी पूर्णेची, दोघींच्या मधे तिसऱ्यांचीच भाषा. तिच्यात ‘नाही’ला जागाच ठेवली नाहीत तुम्ही. कचेरीत ते खपून गेलं. तिथे वाचणारे इथलेच होते, इंग्रजी शब्दांखालचं मराठी त्यांना कळायचं.

मेल आला त्या दिवशी मी पेडगावला गेले, वाचून दाखवला. मावशी चरख्यापुढे बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आवं पर म्या तर न्हाईच म्हनले व्हते. तुमी काय सांगितलं त्यायला?” तिची सून आतून ओरडली, “म्याडमचं विंग्रजी लय भारी हाय, आत्याबाई. न्हाईचं व्हय करतंय!” सगळ्या हसल्या. मीही हसले. चहा घेतला आणि परतीच्या बसमध्ये शेजारणीशी उगाच भांडले.

आता ऊन पडलंय, मेंढरं परत आली आहेत, कातरणी चालू आहे. डच बाई येत्या गुरुवारी एकदाच बोलायला तयार आहे, त्यानंतर ती दुसरीकडे माल बघणार. तिच्या मते खोटं मावशी बोलली, मी फक्त तिचे शब्द इंग्रजीत सांगितले. नऊ घरांचं काम त्या एका गैरसमजावर अडलंय आणि तो दूर करायला माझं एक वाक्य पुरे आहे. मावशी नाही म्हणाली होती, भाषांतर मी चुकवलं. तीन दिवस मी ते लिहितेय आणि दर वेळी त्यात ‘कदाचित’ घुसतं.

म्हणून तुम्हाला जाब विचारायला बसले होते. पण लिहिता लिहिता दुसरंच वर आलं. म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी मी तुम्हाला शेवटचं भेटले, तेव्हा तुम्ही विचारलंत, पुढच्या रविवारी येशील? मी म्हणाले, “आय शॅल ट्राय, सिस्टर.” येणार नव्हते. ते मला तेव्हाच माहीत होतं. महिन्याभराने तुमचं कार्ड आलं, अक्षर पार वाकडं झालेलं, ‘चार रविवार व्हरांड्यात बसले. गाड्या उशिरा धावत असतील.’ त्या वाक्याआड ‘नाही’ लपवता येतं हे तुम्हाला माहीतच नव्हतं, सिस्टर. तुम्ही शिकवलंत ते मनापासून. त्यात लपायला मी शिकले, माझी मी. त्या कार्डाला मी उत्तर पाठवलं नाही.

तरीही मला लेखी उत्तर हवं आहे. त्या चार रविवारांबद्दल तुम्ही मला माफ केलंत का? गुरुवारी दुपारी तीनला त्या डच बाईचा फोन यायचा आहे, त्याच्या आत कळवा. एकच शब्द लिहा, हो किंवा नाही. ‘नाही’ असेल तर ‘नाही’च लिहा.